मूससाहेब, तुमच्या टेबलाविषयी

आदरणीय केकी मूस यांना,


तुमचं नाव निघालं की आमच्या जळगाव जिल्ह्यात एकच गोष्ट सांगितली जाते. विलायतेहून कला शिकून आलेला पारशी तरुण चाळीसगावला परततो, स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात स्वतःला कोंडून घेतो आणि कुणा एकीनं दिलेल्या शब्दाखातर रात्रीच्या मेलची वाट पाहत आयुष्य काढतो. सांगणारा प्रत्येक जण त्यात आपली भर घालतो. कुणी टेबलावर दोघांची ताटं मांडतो, कुणी फुलांचा गुच्छ ठेवतो, कुणी खिडकीत दिवा लावतो. ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो आणि त्या बंगल्यात तुम्ही इतकी वर्षं नेमकं केलंत काय, हे विचारायचं राहूनच जातं.

त्या गोष्टीत खरं किती, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला त्यात डोकवायचं नाही. मला बोलायचं आहे ते तुमच्या दुसऱ्या टेबलाविषयी, ज्यावर तुम्ही निसर्ग मांडलात.

मी असोद्याची. दिवसभर जळगावला नोकरी, येऊन-जाऊन घरचं काम, आणि त्यातून जो वेळ हाती लागतो तो रंगांचा आणि कॅमेऱ्याचा. मी चित्रकार नाही, फोटोग्राफरही नाही. पण कागदावर रंग कसा पसरतो, एका बाजूनं उजेड आला की पितळी तांब्या कसा वेगळाच दिसायला लागतो, हे पाहिल्याशिवाय मला करमत नाही. अशा माणसानं आपला गुरू मुंबईच्या जे. जे.मध्ये नाहीतर पॅरिसात शोधावा, अशी रीत आहे. मला तो जळगावहून पॅसेंजरनं पाचोरा, कजगाव करत जिथे पोचता येतं त्या चाळीसगावात सापडला. तुमचं घर आता ‘केकी मूस कला दालन’ आहे. भिंतींवरची तुमची चित्रं, तुमचे फोटो, लाकडाची आणि मातीची कामं, घड्या घातलेल्या कागदांच्या आकृत्या बघत हिंडताना मला जे वाटलं त्याचा त्या प्रेमकथेशी काडीचाही संबंध नव्हता. मला वाटलं, या माणसाच्या हाताला स्वस्थता नव्हती, आणि त्यासाठी त्यानं कधी सबब सांगितली नाही.

वाचकांसाठी थोडं सांगते. तुमचा जन्म २ ऑक्टोबर १९१२चा, मृत्यू ३१ डिसेंबर १९८९चा. घरचा धंदा मद्याच्या दुकानाचा आणि सोडावॉटरचा. १९३०च्या दशकात तुम्ही इंग्लंडला गेलात, शेफील्डच्या संस्थेतून कलेची पदविका घेतलीत आणि त्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला येऊन राहिलात ते कायमचे. घराचं ‘आशीर्वाद’ हे नाव बदलून ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ ठेवलंत. त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत तुम्ही घराबाहेर पडल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. देशोदेशीच्या प्रदर्शनांतून सुमारे ३०० पारितोषिकं त्या घरात चालत आली. त्यांतलं तुमचं सगळ्यांत नावाजलेलं काम म्हणजे टेबलटॉप फोटोग्राफी. घरातल्याच चारदोन वस्तू टेबलावर मांडायच्या आणि त्यांतून डोंगरदऱ्या, रानं, बर्फ असा देखावा उभा करून त्याचा फोटो घ्यायचा.

लोक म्हणतात, बाहेर जायचं नव्हतं म्हणून बिचाऱ्यानं घरात डोंगर केले. हा ‘बिचारा’ शब्द मला खपत नाही. हातात कॅमेरा घेऊन हिमालयात गेलेल्या माणसाला हिमालय तयार मिळतो. तुम्हाला डोंगर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असणार. लांबचा कडा जवळच्या कड्यापेक्षा फिका का दिसतो? बर्फावर सावली निळसर का पडते? झाडाच्या शेंड्याकडे फांद्या किती बारीक होत जातात? हे सगळं आधी डोक्यात पक्कं असल्याशिवाय टेबलावर उतरत नाही. माझ्या मते हे चित्रकाराचंच काम आहे, फक्त कुंचल्याच्या जागी मीठ आणि काड्या असतात. तुम्ही चित्र शिकलेले होतात आणि कॅमेऱ्याला त्या कामाला लावलंत, म्हणून ते जमलं.

आता तुमच्या वाटेनं थोडं चालून मला जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते. चुकलं असेल तिथे कान धरा.

टेबलावरचा देखावा खरा वाटायचा तर पहिली गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. आपण उभ्यानं टेबलाकडे पाहतो, म्हणजे विमानातून खाली पाहिल्यासारखं पाहतो. तिथून काढलेल्या फोटोत मीठ हे मीठच दिसतं. भिंग टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत खाली आणलं, त्या छोट्या जगात एखादा माणूस उभा असता तर त्याचा डोळा जिथे आला असता तिथे आणलं, की मिठाचा ढीग मान वर करून पाहायला लावतो. दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या जगाला सूर्य एक आहे, तेव्हा टेबलाच्या जगालाही दिवा एकच हवा. दुसरा दिवा लावला की वस्तूला दोन सावल्या पडतात आणि सगळं सोंग उघडं पडतं. अंधारी बाजू फार काळी वाटली तर तिथे पांढरा पुठ्ठा धरून उजेड परतवायचा. आणि तिसरी कणांची. खडेमीठ वापरलं तर ते गारा पडल्यासारखं दिसतं. बर्फ हवा असेल तर मीठ मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून चाळून घ्यावं लागतं, आणि तेही पावसाळ्यात नाही, कारण ते ओल धरतं आणि चिकटून बसतं.

सगळ्यांत कठीण असते ती खोली. खरा देखावा पाहताना जवळचं झाड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट दिसतात. टेबलावर मात्र भिंग वस्तूच्या इतकं जवळ असतं की पुढची काडी स्पष्ट आली तर मागचा पुठ्ठ्याचा डोंगर पुसट होतो, आणि बघणाऱ्याला ताबडतोब कळतं की हे सगळं वीतभर आहे. यावर तुमच्या काळचा उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र होईल तेवढं बारीक करायचं. मग उजेड कमी आत येतो, म्हणून झडप जास्त वेळ उघडी ठेवायची. टेबलावर वारा नसतो, पान हलत नाही, ढग सरकत नाही. वेळ हवा तेवढा घेता येतो. बंद घर या कामाला किती सोयीचं होतं, हे मला कॅमेरा तिकाटण्यावर चढवून वाट पाहताना उमगलं.

इथे तुम्हाला एक आनंदाची बातमी द्यायची आहे. आज आमच्या गावात शेतमजुराच्या खिशातही मोबाइल आहे, आणि या एका कामात मोबाइलचा कॅमेरा भल्यामोठ्या महागड्या कॅमेऱ्याला भारी पडतो. त्याच्या आतला चित्र टिपणारा तुकडा नखाएवढा आणि भिंग इवलंसं, त्यामुळे जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट येणं त्याला सहज जमतं. फक्त मागचं पुसट करणारा तो ‘पोर्ट्रेट’ मोड बंद ठेवायचा. शिवाय मोबाइल इतका चपटा की तो उलटा धरला तर त्याचं भिंग टेबलाला जवळजवळ टेकतं. तुम्हाला ज्यासाठी झगडावं लागलं असेल ते आता पोराटोरांच्या हातात आहे, आणि ती पोरं त्यावर स्वतःच्याच तोंडाचे फोटो काढत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

असोद्याचं नाव घेतलं की खानदेशात दोन गोष्टी आठवतात. एक बहिणाबाई, दुसरी भरताची वांगी. दोन्हींचा तुमच्याशी संबंध आहे, असं मला ठामपणे वाटतं.

बहिणाबाई चौधरी इथे महाजनांच्या घरी १८८० साली जन्मल्या आणि १९५१ साली जळगावला वारल्या. म्हणजे तुम्ही चाळीसगावला परतलात तेव्हापासून दहाएक वर्षं तुम्ही दोघं एकाच पूर्व खानदेश जिल्ह्यात होतात. एकमेकांचं नावही तुमच्या कानावर असायचं कारण नव्हतं. त्या शाळेची पायरी चढल्या नाहीत, तुम्ही विलायत पाहून आलात. पण काम करायची तऱ्हा बघा. त्यांनी जातं, चूल, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा यांच्यापलीकडचं काही मागितलं नाही, आणि त्यातूनच सबंध संसार आणि त्याच्या वरचं आभाळ उभं केलं. लेकानं, सोपानदेवांनी, आणि मावसभावानं ती गाणी कागदावर उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. सामान नाही, वेळ नाही, शिक्षण नाही, ही आमची रोजची रडगाणी. ती त्या माउलीपुढे टिकत नाहीत, तशी तुमच्यापुढेही टिकत नाहीत.

आणि वांगी. असोदा, भादली, बामणोद या पट्ट्यातली भरताची वांगी म्हणजे हिरवट अंगाची, त्यावर पांढऱ्या रेघा, एकेक वांगं दोन्ही हातांत धरावं एवढं. थंडी पडली की शेताशेतांत कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो आणि त्यात ती भाजली जातात. अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टननं १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो घेतला. नरसाळ्याच्या आतून उजेड सगळीकडून वळून आला आणि ती मिरची पाठ वळवून बसलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली. तो फोटो आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहे. मी म्हटलं, मिरचीला एवढं जमतं तर आमच्या वांग्यानं काय घोडं मारलंय?

म्हणून ओसरीवर पाट मांडला, मागे काळी शाल टांगली आणि एकाच खिडकीचा उजेड ठेवून पाटावर वांगं ठेवलं. आधी फोटो घेतला, मग त्याच जागी बसून जलरंगात ते रंगवायला घेतलं. फोटो काढताना मी वांग्याला हिरवं म्हणत होते. रंगवायला बसल्यावर त्यात हिरवा रंग शोधावा लागला. उजेडाकडच्या अंगावर आभाळाची निळी चकाकी होती. पाटाकडच्या बाजूला लाकडाचा तांबूस रंग चढला होता. सगळ्यांत मोठा चमत्कार त्या पांढऱ्या रेघांचा. सावलीत गेलेली पांढरी रेघ उजेडातल्या हिरव्यापेक्षा कितीतरी गडद होती. डोळा सांगत होता पांढरी, आणि रंगाच्या ताटलीत मात्र राखाडी कालवावी लागत होती. खात्री पटेना म्हणून मोबाइलमधला फोटो काळापांढरा करून पाहिला, तर तिथेही रेघ गडदच. चित्रानं दाखवलं आणि फोटोनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून मी एकाच वस्तूवर दोन्ही कामं करते. एकट्या कॅमेऱ्यानं मला इतका वेळ त्या वांग्यापुढे बसवलं नसतं.

शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, “काय करू राह्यली वं बाई, वांग्याचे फोटू?” मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि देठाकडे बोट दाखवून सांगितलं की काटे राहिले. देठावरचे ते बारीक काटे मी खरोखरच वगळले होते. जन्मभर वांगी तोडलेल्या हाताला जे आधी दिसतं ते परीक्षकांनाही दिसलं नसतं. छंद असा चारचौघांत मांडला की शिकवणारे घरबसल्या भेटतात.

त्याच वांग्याचं भरीत झालं तेव्हा सालं मी मागून घेतली. जळून काळी झालेली, सुरकुतलेली, मधूनच तडकलेली. ती ताटात उभी करून, मागून मोबाइलची बत्ती बटर पेपरमधून सोडली आणि भिंग ताटाच्या काठाशी आणलं. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याची जी रांग दिसते, तिचे काळे कातळ आणि त्यांच्या घड्या थेट समोर उभ्या राहिल्या. काड्यांची राख चाळणीतून भुरभुरवली तर चांदणं पडल्यासारखं झालं. उदबत्तीचा धूर मागून सोडला की लांबच्या सालाचा काळेपणा कमी होतो आणि ते आपोआप लांब जाऊन उभं राहतं. हे करताना मला तुमच्या ‘रिट्रीट’चा अर्थ लागला. बाहेर जे आहे त्याकडे माणूस पाठ फिरवून बसलेला नसतो. ते आधी डोळे भरून पाहून झालेलं असतं, म्हणून तर घरात मांडता येतं.

चित्र आणि फोटो यांची जोडी खानदेशाला तुमच्याही आधीपासून ठाऊक आहे. आमच्या गावाहून भुसावळ फार लांब नाही, आणि तिथे मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. लेण्यांच्या अंधारात वर्षानुवर्षं बसून त्यानं मोठाले कॅनव्हास रंगवले आणि ते लंडनला गेले. मधल्या काळात त्याच्या हाती कॅमेरा आला. १८६४ साली त्याच्या ७४ फोटोंचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालं. आणि १८६६च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यानं केलेल्या बहुतेक नकला जळून गेल्या. गिल पुन्हा कुंचला घेऊन लेण्यांत गेला. १८७९ साली तो वारला. त्याच्या हयातीतच काम सुरू करून जे. जे.च्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या होत्या, त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ साली लागलेल्या दुसऱ्या एका आगीत गेल्या. त्या काळच्या फोटोत रंग नव्हता, म्हणून कुंचला लागायचा. चित्राला जपणं कठीण आणि त्याची दुसरी प्रत नाही, म्हणून फोटो लागायचा. फोटो आला म्हणून गिलनं रंग टाकून दिले नाहीत, यासाठी मला तो फार जवळचा वाटतो. पारो नावाच्या मुलीवरच्या त्याच्या प्रेमाची गोष्ट लोकांना पाठ असते, पण त्या माणसानं अंधारात बसून एवढे कॅनव्हास भरले कसे, हे कुणी विचारत नाही. तुमच्याबाबतीत झालं तेच त्याच्याही बाबतीत झालं.

आणि आमच्या घराघरांतल्या ओसऱ्यांवर टांगलेले पणज्या-पणजोबांचे रंगवलेले फोटो? तेही याच जोडीचे. मूळ फोटो काळापांढरा. त्याच्यावर स्टुडिओतला माणूस काडीला कापूस गुंडाळून पारदर्शक रंग हलक्या हातानं चढवायचा. गालाला गुलाबी, पागोट्याला तांबडा, नथीच्या मोत्याला पांढऱ्याचा एकच टिपका. ज्यानं रंगवलं त्यानं त्या माणसाला बहुधा पाहिलेलंही नसायचं. लुगडं हिरवं की जांभळं, हे घरच्यांनी सांगायचं. रंगीत फिल्म आली आणि ते कसब गेलं. मला ते परत आणावंसं वाटतं, आणि ते अवघडही नाही. जुन्या फोटोची प्रत झेरॉक्सच्या दुकानात साध्या ड्रॉइंग पेपरवर काढून घ्यायची. झेरॉक्सची पूड पाण्यानं पसरत नाही, त्यामुळे तिच्यावरून जलरंगाचे पातळ हात देता येतात. घरच्या इंकजेटवर काढलेली प्रत मात्र बऱ्याचदा पाणी लागताच फुटते. रंग पातळ ठेवायचा, एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळे रंगवले की माणूस अनोळखी होतो.

आता उन्हाविषयी. तुमच्या खोलीत दिव्याचं राज्य होतं. आम्हाला देवानं दिलंय ते ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा सारा महाराष्ट्र आमच्यासाठी हळहळतो. पण याच उन्हात एक फार देखणं काम होतं. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं १८४२ साली सायनोटाइप शोधला. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं वेगवेगळी पाण्यात विरघळवायची, मग सारख्या मापानं एकत्र करून अंधाऱ्या खोलीत ब्रशनं कागदावर फासायची. कागद वाळला की त्यावर पान, फूल, जाळी, जे हवं ते मांडून वर काच ठेवायची आणि उन्हात न्यायचं. पानाखालचा भाग ऊन न लागल्यामुळे पाण्यात धुतला जाऊन पांढरा राहतो, बाकीचा गडद निळा होतो. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईनं १८४३पासून शेवाळांचे असेच ठसे घेऊन पुस्तक केलं. मी कपाशीची पानं घेतली, कडुनिंबाची डहाळी घेतली, कोथिंबिरीचा फुलोरा घेतला. आमच्या उन्हात हे काम काही मिनिटांत होतं. कोथिंबिरीच्या फुलोऱ्याचा तो ठसा पाहिला तर तुम्ही नक्की मागून घेतला असतात, इतकी त्याची नक्षी नाजूक येते.

यातही स्थानिक अक्कल लागतेच. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, आणि क्षारानं हा निळा उडतो. धुताना पाण्यात लिंबू पिळलं की तो टिकतो. ठसा कोऱ्या चहात बुडवून ठेवला तर चहातल्या तुरट द्रव्यानं निळा काळपट होत जातो आणि कागदाला जुनेपणाची पिवळी झाक येते. फार दिवस उजेडात टांगून फिका पडला तर काही काळ अंधाऱ्या कपाटात ठेवायचा, बराचसा निळा परत येतो. यापुढची पायरी म्हणजे डिंकाचा ठसा. बाभळीचा डिंक, जलरंग आणि बायक्रोमेट यांचं मिश्रण कागदावर फासलं की उजेड लागेल तिथे डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यात सुटतो, आणि सुटताना ओल्या कुंचल्यानं हवा तेवढा काढून टाकता येतो. फोटो कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं, हे त्यात सांगता येत नाही. मात्र बायक्रोमेट विषारी आहे, कर्करोगाला कारण होतं. स्वयंपाकघरात आणि मुलाबाळांच्या घरात त्याचं नावही काढू नये. आमच्याकडे बाभळी उदंड असल्या तरी हे काम हातमोजे, मोकळी जागा आणि माहीतगार माणूस असल्याशिवाय कुणी करू नये.

मूससाहेब, हे सगळं तुम्हाला लिहिण्यामागे एक मागणं आहे, आणि ते तुमच्या आडून मी जिल्ह्यातल्या शाळांपुढे ठेवते. आमची मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. दहावीला त्याचे जादा गुण मिळतात म्हणून बसतात, हे खरं, पण बसतात. वस्तुचित्राच्या पेपराला त्यांच्यापुढे मडकं, वांगं, एखादा डबा मांडलेला असतो. म्हणजे टेबल आहे, वस्तू आहेत, मुलं आहेत. फक्त खोलीच्या चारी खिडक्या आणि वरच्या ट्यूबलाइट चालू असतात, त्यामुळे सावली कुठेच ठाम पडत नाही, आणि मूल बाहेरची रेघ काढून आत सरसकट रंग भरून मोकळं होतं. त्या वर्गात एकच खिडकी उघडी ठेवावी. मागे काळं कापड लावावं. चित्र काढायच्या आधी मुलांना सरांच्या मोबाइलवर त्याच वस्तूचा फोटो काढू द्यावा, वस्तू हलवू द्यावी, सावली कुठे जाते ते पाहू द्यावं, तो फोटो काळापांढरा करून दाखवावा आणि मग रंग हातात द्यावेत. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. वर्षातून एकदा तुमच्या घराची सहल काढणाऱ्या शाळा असतीलच. त्या मुलांना तिथून परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात मीठ, कापूस आणि तुरीच्या काड्या मिळाल्या, तर तुमची प्रेमकथा त्यांना आपोआप दुसऱ्या नंबरची वाटेल.

मोठ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, विशेषतः बायांना. आपल्याकडे बाईनं काही करायचं म्हटलं की त्याचा उपयोग विचारतात. लोणचं घातलं तर उपयोग दिसतो, शिवण शिवली तर दिसतो. वांग्याच्या सालाचा डोंगर केला तर दिसत नाही. उपयोग दाखवून द्यायच्या भरीला पडू नये. ज्या संध्याकाळी ओसरीवर उजेड तिरका येतो, त्या संध्याकाळी अर्धा तास पाटावर काहीतरी मांडून बसावं, एवढंच. त्यातून मला काय मिळतं, ते मी घरात समजावत बसत नाही. आता घरातलेच लोक एखादं वाकडं लिंबू, एखादं तडकलेलं बोळकं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

शेवटी एक अडचण. टेबलावर डोंगर होतो, बर्फ होतो, धुकं होतं, रात्र होते. पाणी काही होत नाही. पाण्याचा थेंब आपला आकार सोडत नाही, वीतभर नदीतही तो थेंबाएवढाच दिसतो आणि लगेच कळतं की ही बशी आहे. लाटही लहान होत नाही. काच ठेवली तर ती तलावासारखी पडून राहते, वाहत नाही. यावर तुम्ही काय करत होतात, कुठल्या फोटोत तुम्ही पाणी कसं सोडवलंत, हे पुढच्या खेपेला कला दालनात आले की एकेका फोटोपुढे उभी राहून शोधणार आहे.

तोवर मी त्यातून आमच्या मुलखापुरती वाट काढली आहे. मे महिन्यातली गिरणा. तिच्यात पाणी नसतंच. कानळद्याकडच्या पात्रातली वाळू आणायची, चाळण्या बदलून तिचे जाडे-बारीक थर वेगळे करायचे, जाड वाळू पुढे आणि मैद्यासारखी मागे पसरायची म्हणजे पात्र लांबवर गेल्यासारखं दिसेल. मधे दोन गोटे, काठाला बाभळीच्या काट्यांची झाडी, आणि दिवा अगदी खाली, मावळतीच्या बाजूनं. बैलगाडीच्या चाकोऱ्या कशानं उमटवायच्या ते अजून ठरत नाही. शिवणकामातलं दातेरी चाक वाळूवरून फिरवून बघते.

आपली,
असोद्याची एक छंदिष्ट